होणारे सासरे आणि लाल बटण

लग्नाला होकार द्यायचा की नाही, हे ठरवण्याआधी होणारे सासरे माझं काम बघायला लॅबमध्ये आले. ते शिंपी. कुठलीही गोष्ट चिमटीत धरून पाहिल्याशिवाय त्यांचं मत बनत नाही. आल्या आल्या त्यांनी माझी बाही चिमटीत धरली.

माझं काम म्हणजे पोलादी सळई यंत्राच्या दोन जबड्यांत अडकवायची, तुटेपर्यंत ओढायची आणि किती जोर लागला ते लिहायचं. सासऱ्यांना गॉगल चढवला, पिवळ्या रेषेमागे उभं केलं, जाळीचं दार लावलं आणि यंत्र सुरू केलं.

सळई मधोमध बारीक होऊ लागली. सासऱ्यांनी रेषा ओलांडून दाराच्या कडीला हात घातला.

"जरा पोत बघतो."

मी लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं, चाचणी वाया गेली.

"मागे व्हा. हात खिशात घाला. दोन्ही."

त्यांनी घातले. लग्न मोडलं असं धरून मी दुसरी सळई लावली. ती धाडकन तुटली. सासरे जागचे हलले नाहीत.

"आता धरू?"

"गरम असते. थांबा."

ते थांबले, हात खिशातच. मग म्हणाले, "मला दटावायचा नाद माझ्या बायकोने वीस वर्षांपूर्वी सोडला. दमली बिचारी. रविवारी घरी या, लग्नाची तारीख ठरवू. दटावायचं काम आता तुमच्याकडे."