आरास कोणाच्या खर्चाने

डॉ. मुकुंद खांबेटे यांनी आयुष्यभर गव्हावर संशोधन केलं. कमी पाण्यात जास्त पीक कसं काढायचं हा त्यांचा विषय, आणि निवृत्तीनंतर तो त्यांनी घरात चालू ठेवला होता. जयपूरच्या दुर्गापुऱ्यातला बंगला विकून पुण्याला मुलीजवळ राहायला जायचं ठरलं. तीन महिन्यांत जी काही गिऱ्हाइकं आली ती पाणी पिऊन गेली. तेव्हा एजंट शेखावतजी म्हणाले, घर असं ओकंबोकं दाखवून चालणार नाही, आधी सजवावं लागेल. हल्ली सगळे तसंच करतात.

"खर्चा किसका?" मुकुंदरावांनी विचारलं.

"आपका, डॉक्टर साहब."

"और फायदा?"

"आपका भी, हमारा भी."

"तो फिर आधा-आधा."

शेखावतजींनी कानाला हात लावले. "शादी में लड़की का लहंगा पंडित थोड़े ही सिलवाता है!"

त्यांनी कादंबरी नावाची एक मुलगी पाठवली. घरं सजवून देणं हा तिचा व्यवसाय. आडनाव मराठी, जन्म जयपूरचा. तिने घरभर फिरून फोटो काढले. सोफ्यावरचं प्लॅस्टिक, फ्रीजवरचा क्रोशाचा रुमाल आणि बियाणे कंपनीची चार कॅलेंडरं बघून तिने एकदा डोळे मिटले.

"अंकल, मतलब, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे कोणीतरी खुशीत राहतं."

"आम्ही राहतोच आहोत की."

"हो अंकल. पण तसं वाटत नाही ना."

पितळेच्या वस्तू, कुंड्या, वेताच्या खुर्च्या, पडदे, एक झोपाळा, सगळं महिनाभर भाड्याने. टेम्पो आणि मजूर धरून पासष्ट हजार. मुकुंदरावांनी तिला चहा पाजला आणि नंतर कळवतो म्हणून सांगितलं.

रात्री जेवताना त्यांनी नवा मुद्दा काढला. सजावट ज्याला दाखवायची त्यानेच तिचे पैसे द्यावेत. म्हणजे घर घेणाऱ्याने.

"म्हणजे त्याला भुलवायचे पैसे त्याच्याकडूनच घ्यायचे?" त्यांच्या बायकोने, मीनाक्षीने विचारलं.

"सिनेमाचं तिकीट आपणच काढतो ना?"

पुण्याहून हिमानी व्हिडिओ कॉलवर होती. "बाबा, विकणाऱ्याने द्यायचे असतात. देऊन टाका ना."

"तू दे. तुझ्याकडेच येतोय आम्ही."

त्यानंतर पुण्याचं नेटवर्क अचानक खराब झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि लग्नानंतर प्रथमच विचारलं, "तुमची ती चैत्रगौर कधी बसते गं?"

मीनाक्षी सावध झाली. "का?"

"नाही, बरीच वर्षं केली नाहीस. सगळ्या बायका आपापलं सामान घेऊन यायच्या. हंडे, समया, साड्यांचे पडदे... घर कसं उजळून निघायचं."

मीनाक्षीला सगळं समजायला एक घोट चहा पुरला. जयपुरातल्या मराठी मंडळींमध्ये रीतच होती. एकीच्या घरी गौर बसली की आरास सगळ्यांची. एकीची भांडी, दुसरीच्या कुंड्या. कोणी विचारत नसे, कोणी मोजत नसे. गिऱ्हाईक त्याच रविवारी बोलवायचं, एवढंच करायचं होतं.

"हे बरं नाही हो," ती म्हणाली.

"गौर बसवायची नाही?"

"तसं नाही."

"मग पन्हं करायचं नाही?"

अशा रीतीने एकेक प्रश्न विचारून मुकुंदरावांनी तिच्याकडून होकार मिळवला. मीनाक्षीने तो दिला, कारण तिलाही पासष्ट हजार फार वाटत होते. हे तिने मुकुंदरावांना कळू दिलं नाही. वाईट कल्पनेचा मालक घरात एकच असलेला बरा असतो.

शहरातलं सगळ्यांत चांगलं पितळ भिंतीपलीकडे होतं, मंजुषा तळवलकरकडे. मंजुषाचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा कौस्तुभ बंगळूरला. तेव्हापासून दोघींचा संध्याकाळचा चहा भिंतीवरूनच होई, एकीने केटली द्यायची, दुसरीने बिस्किटं. इतका चहा होऊनही घर विकायचं आहे हे मीनाक्षीने तिला सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, ठरू तर दे. मग वाटलं, गिऱ्हाईक तर येऊ दे. गिऱ्हाइकं यायला लागली तेव्हा ती मंजुषाच्या भजनाच्या वेळेला बोलावली.

मीनाक्षी आमंत्रण घेऊन गेली तेव्हा मंजुषा पालक निवडत होती.

"रविवारी गौरीचं हळदीकुंकू करतेय. येशील ना?"

मंजुषाचे हात थांबले. "मी?"

"तू म्हणजे काय? तूच तर हवी आहेस."

"हे गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही गं. तशा सगळ्या सुधारलेल्या आहेत. पण बोलवावं की नाही, ह्या विचारातच त्यांचा चैत्र संपतो." तिने पदराने डोळे टिपले आणि लगेच उठली. "थांब. हंडे किती देऊ? सहा देते. आणि सासूबाईंच्या समया. झोपाळा नेतेस का? कड्या आहेत का तुझ्याकडे?"

मीनाक्षी हंड्यांसाठीच आली होती. पण आता ते मागावे लागले नाहीत, हेच जास्त अवघड होतं.

शनिवारी मंजुषा सकाळपासून येऊन बसली. तिने प्लॅस्टिक काढून सोफ्याला श्वास घेऊ दिला. कॅलेंडरं उतरवून मुकुंदरावांच्या हातात दिली. इरकली साड्यांचे पडदे बांधले, वेताच्या खुर्च्या भिंतीवरून पलीकडून अलीकडे आल्या, चिंच लावून घासलेले हंडे दारात ठेवले. कादंबरीने काढलेल्या फोटोंत आणि ह्या घरात आता काही नातं राहिलं नव्हतं. मुकुंदराव दारात उभे राहून बघत होते, चांगलं पीक उभं राहिल्यावर बांधावर उभे राहायचे तसे.

"भावोजी, नुसते उभे काय? ते स्टूल धरा."

स्टुलावरून हार बांधता बांधता मंजुषा खाली मीनाक्षीला म्हणाली, "अगं, सांगायचं राहिलंच. कौस्तुभला कळवून टाकलं."

"काय?"

"बंगळूरला येत नाही म्हणून. तो मोठं घर बघत होता, माझी एक खोली धरून. मी म्हटलं, उगाच पैसे घालवू नकोस, इथे भिंतीपलीकडे माझी मीनाक्षी आहे. मग परवा त्याने लहानच घेतलं. बयाणा देऊन मोकळा झाला. ते टोक वर घे जरा."

मीनाक्षीने टोक वर घेतलं. सांगायला तोंडही उघडलं.

"डाळ भिजत घालायची राहिली," असं ती म्हणाली आणि आत गेली. डाळ कधीच भिजली होती. तिने तिचं पाणी बदललं, मग पुन्हा एकदा बदललं.

रविवारी संध्याकाळी घर बायकांनी भरून गेलं. मीनाक्षीने पहिलं कुंकू मंजुषाला लावलं. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग त्यांनाही बरं वाटलं आणि त्यांनीही लावलं. मंजुषाचं कपाळ लालभडक झालं. मीनाक्षीने मात्र मंजुषाच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. सगळ्यांना वाटलं, भावना.

साडेसहाला शेखावतजी गिऱ्हाईक घेऊन आले. डॉ. निलय आणि त्यांची बायको सावनी. तो इथल्याच एका हॉस्पिटलात लागलेला, ती कोल्हापूरची. पुरुषांना अंगणात पन्हं देऊन बसवलं. सावनी आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"अगंबाई! आंब्याची डाळ! जयपुरात!"

तिने झोपाळ्याला हात लावला, समयांकडे बघितलं, गौरीपुढच्या करंज्या बघितल्या आणि तिचे डोळे भरून आले. वर्षभरात ती मराठीत नवऱ्याशीच बोलली होती, आणि तोही रात्रपाळीचा.

मंजुषा कोयरी घेऊन पुढे झाली. "नवीन दिसतेस. ये, ये. कुठे राहतेस?"

"सध्या मुरलीपुऱ्यात, भाड्याने. पण हे पक्कं झालं की इथेच येणार काकू."

"कुठे इथे?"

"इथेच. ह्या घरात." सावनी हसली. "तुम्ही त्यांच्या शेजारी का? शेखावतजी म्हणत होते शेजार फार चांगला आहे."

मीनाक्षी पन्ह्याचा ट्रे दोन हातांवर घेऊन उभी होती. मंजुषाने तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या हंड्यांकडे, मग झोपाळ्याकडे. बोटावर घेतलेलं कुंकू तिने सावनीच्या कपाळाला लावलं, नीट, गोल.

"पन्हं दे ना तिला," ती मीनाक्षीला म्हणाली. "पाहुणी किती वेळ उभी ठेवतेस?"

आणि तिने सावनीचा हात धरला. "चल, घर दाखवते तुला."

मुकुंदराव खिडकीतून ऐकत होते, त्यांना घाम फुटला. मंजुषा काही राखून ठेवत नव्हती. वरची खोली मेमध्ये भट्टी होते, तिथे लहान मूल झोपवू नको. मोरीचा उतार चुकलेला आहे, पाणी कोपऱ्यात साठतं. जिन्याखाली ओल येते, रंग दिलाय पण येते. मात्र सकाळचं ऊन स्वयंपाकघरात फार छान येतं. आणि काही लागलं तर भिंतीशी येऊन हाक मारायची, मी असतेच.

"झालं," मुकुंदराव पुटपुटले.

पण सावनी खाली आली ती घर घेऊनच. बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "निलय, बाकीची सगळी घरं लोक नुसती छान छान म्हणून दाखवतात. ह्या काकूंनी ओलसुद्धा दाखवली. अशी शेजारीण असेल तर मला हेच हवंय." शेखावतजी सहावा पेला संपवत मुकुंदरावांच्या कानाशी लागले, "भाभीजी ने तो कमाल कर दिया! कितना लेती हैं?"

मुकुंदरावांनी मागितलेल्या किमतीत एक रुपया कमी न होता सौदा झाला.

अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर बसलेली असते, तोवर आरास मोडत नाहीत. मुकुंदरावांच्या गणितात हे नव्हतं. ते दिवस खांबेटे नवराबायको मंजुषाच्या झोपाळ्याला वळसा घालून वावरले. संध्याकाळी मीनाक्षी केटली घेऊन भिंतीशी उभी राही. पलीकडे दिवा लागे, दारही वाजे. चहा निवून जाई. एकदा पलीकडून मंजुषाचा फोनवरचा आवाज आला. "नाही रे कौस्तुभ, तू कशाला वाईट वाटून घेतोस? तू विचारलं होतंस. मीच नको म्हटलं."

तृतीया झाली. मीनाक्षीने हंडे पुन्हा घासले आणि मुकुंदरावांपुढे हात पसरला. "पासष्ट हजार द्या."

"कोणाला?"

"मंजुषाला. त्या मुलीने जे मागितले होते ते."

"अगं, शेजारणीला पैसे? बरं दिसतं का ते?" मुकुंदराव खरोखर दुखावले. "आणि ती घेणार आहे का? उलट अपमान वाटेल तिला."

मीनाक्षीलाही आतून तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर तिचा सगळा भरवसा त्यावरच होता. मंजुषा म्हणेल, काय हे, पैसे कसले. आपण म्हणायचं, नाही, घेच. ती रागावेल, आपण रडू. ती पाकीट परत आपल्या हातात कोंबेल, मग चहा होईल. आपल्याकडे असंच तर होतं.

तिने पाकीट पुढे केलं. "मंजू, हे... त्या आराशीचे. मी तुला आधी सांगायला हवं होतं."

मंजुषा म्हणाली, "किती आहेत?"

मीनाक्षी गडबडली. "पासष्ट."

"त्या सजावटवाल्या मुलीचा हाच दर का? शेखावतजी सांगत होते."

"हो."

"टेम्पो, मजूर धरून?"

"हो... धरून."

मंजुषाने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, शांतपणे, बोटाला पाणी लावून. मग त्यातून दहा नोटा बाजूला काढून मीनाक्षीच्या हातात ठेवल्या.

"पाच हजार परत घे. मी टेम्पो केला नव्हता. भिंतीवरूनच आणलं."

"मंजू, ऐक ना..."

"मोजून घे. नंतर घोळ नको."

मीनाक्षीने मोजल्या. बरोबर होत्या. मंजुषा उठली, एकेक हंडा आत नेऊन ठेवू लागली. मीनाक्षीने एक उचलायला हात लावला, तर ती म्हणाली, "राहू दे, आता माझं मी करते." आवाजात राग नव्हता. राग असता तर मीनाक्षीला बसता आलं असतं.

घरी मुकुंदराव फाटकातच उभे होते. तिच्या मुठीतल्या नोटा बघून ते खूश झाले. "बघ! म्हटलं नव्हतं, घेणार नाही?"

"घेतले."

"मग हे?"

"टेम्पोचे परत दिले."

मुकुंदरावांनी फाटकाची कडी उगाचच लावली, काढली आणि ते म्हणाले, "सावनी आली की मंजुषाला निदान सोबत होईल." मीनाक्षीने त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते आत गेले.

रात्री हिमानीचा फोन आला. पुण्याचं नेटवर्क सुधारलं होतं. "काय गं आई, शेवटी सजावटीचे पैसे कोणी दिले?"

"आम्हीच."

"बघ, मी म्हणतच होते. विकणाऱ्यानेच द्यायचे असतात."

"हो गं," मीनाक्षी म्हणाली. "पण आधी द्यायचे असतात."

हॉल पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. मुकुंदराव स्टुलावर चढून एकेक कॅलेंडर परत खिळ्याला लावत होते. ते स्टूल धरायला कोणी आलं नाही.