दहा लाख तेहतीस

कोरलेला दगड धुऊन पुसला तेव्हा पाट्या कोरणाऱ्या पाटीवाल्याने आकडे बोटाने पुन्हा वाचले. कोरायचं होतं १०००००३. दगडावर होतं १००००३३.

उजवा काठ सरळ यावा म्हणून हा गडी आकडे शेवटून पुढे कोरायचा, आणि त्या सवयीचा त्याला भारी अभिमान. तीन कोरला, चहाला उठला, आल्यावर शून्याच्या जागी पुन्हा तीनच कोरला. गणित विभागाच्या प्रमुखबाई परवा निवृत्त होणार होत्या आणि त्याआधी विभागाच्या दारावर त्यांना ही संख्या हवी होती. त्यांनी बजावलंही होतं, "मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच निःशेष भागत नाही. आकडा चुकला तर दारावर खोटं लटकेल." असा अखंड काळा दगड पुन्हा मिळायला दोन महिने. बाई चारला येणार, आणि वाजले होते पावणेतीन.

त्याने वरच्या मजल्यावरून वहिनींना हाक मारली. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या त्या.

"काय केलंत हे, भावजी!" वहिनी पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या. "अहो, पण हीसुद्धा मूळ निघाली तर?"

"निघेल?"

"ते तिलाच विचारू. हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स. हजारापलीकडचा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार आतच सापडतो. एकशे अडुसष्ट आहेत. घ्या माझं जुनं पुस्तक, त्यात यादी आहे, बोला!"

कॅलक्युलेटर वहिनींच्या हातात, खडू त्याच्या.

"सात?" "सहा उरले." "अकरा?"

"नव्वद हजार नऊशे बारा, आणि... एक उरला! थोडक्यात वाचलात!"

प्रत्येक बाकीला तो जमिनीवर खूण करी आणि त्याची छाती थोडी रुंद होई. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. दारात आलेलं गिऱ्हाईक त्याने "उद्या या, आज निकाल आहे" म्हणून परत पाठवलं. शेवटी नऊशे सत्त्याण्णव.

"बेचाळीस उरले!" वहिनी ओरडल्या. "मूळ आहे हो, मूळ!"

तेवढ्यात बाई आल्या. त्याने कान पकडून सगळं सांगितलं. बाई वाकल्या आणि बोटाने एकेक खूण मोजू लागल्या.

"एकशे सदुसष्ट. एक कुठे गेला?"

तिघांनी पुस्तकावर डोकी घातली. पान उलटताना सहाशे एकोणीस सुटला होता. वहिनी बटणं दाबत होत्या आणि बाई त्यांच्या खांद्यावरून पाहत होत्या.

"सोळाशे पंधरा वेळा... उरले तीनशे अठ्ठेचाळीस!"

बाईंनी चक्क टाळी वाजवली. "दहा लाखांनंतरची पहिली मूळ संख्या आमच्यात सगळ्यांना पाठ असते. हिच्यासाठी मात्र एवढी तपासणी झाली. हाच दगड लावायचा!"

पाटीवाला तिथेच खाली बसला. वहिनींनी कोरा कागद ओढून वर १००००३७ लिहिलं.

"भावजी, बसता काय? आता हिलाही विचारू, तीनपासून बोला."