पुसलेली दुसरी ओळ

मित्रांनो, नगरपालिकेच्या कचेरीत जिन्याशेजारच्या भिंतीत बसवलेली पांढऱ्या दगडाची जुनी पाटी म्हणजे मी. आज माझ्यावर तीन ओळी आहेत. पूर्वी चार होत्या.

तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. देशाच्या पहिल्या सभेने लोकांना दिलेली वचने प्रत्येक कचेरीत लावायची ठरली. आमच्या गावचे काम एका पाथरवटाकडे आले. त्याचा धर्म गावातल्या मोजक्याच घरांचा. प्रार्थना केल्याशिवाय तो छिन्नीला हात लावत नसे. त्याने पहिली ओळ कोरली, ‘हा देश इथे राहणाऱ्या सर्वांचा आहे.’ दुसरी, ‘कोणी कोणती प्रार्थना करावी, हे सरकार ठरवणार नाही.’ पुढच्या दोन ओळी न्यायाच्या आणि शिक्षणाच्या होत्या. सव्वीस दिवस तो माझ्यावर वाकून बसला होता.

नगराध्यक्ष काम बघायला आले. म्हणाले, “मिस्त्री, काम झकास! पण तुम्ही एवढे देवभक्त, आणि पाटीवर देवाचं नाव कुठंच नाही?”

“मजकूर तुम्हीच दिलात की, साहेब,” पाथरवट हसला. “आणि खरं सांगू? नाही तेच बरं. माझ्या देवाचं नाव घातलं तर शेजाऱ्यानं कुठं जायचं? आणि त्याच्या देवाचं घातलं तर मी कुठं जाऊ?”

पुढची कितीतरी वर्षे मानाची गेली. शिपाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचा. लग्नाची नोंद करायला आलेली जोडपी माझ्यासमोर फोटो काढायची. एकदा पाथरवटाच्या धर्माची एक विधवा बाई आली. त्यांच्या प्रार्थनाघराचे छप्पर गळत होते आणि दुरुस्तीची परवानगी मिळत नव्हती. तिने कारकुनाला हाताला धरून माझ्यापुढे आणले, दुसऱ्या ओळीखाली बोट ठेवले आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात ती वाचली. कारकून ओशाळला. त्याने तिथल्या तिथे शिक्का मारला.

मग हळूहळू माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. माझ्यापुढे फायलींचे कपाट आले. पुढे ते हलवले, पण मला वाचायला नव्हे. नगरपालिकेच्या नव्या सभासदांचे म्हणणे पडले, “देश आपल्या धर्मावर उभा आहे. ही दुसरी ओळ हवी कशाला?” हात वर झाले. ठराव मंजूर झाला.

पाथरवट केव्हाच वारला होता. दगडावर अक्षरे घडवणारे गावात एकच माणूस उरले होते, त्याची मुलगी. तिला हेडक्लार्कने बोलावून घेतले. दोघे लहानपणी एका वर्गात होते.

“ताई, तू नाही म्हणालीस तर ते मशीन आणतील,” तो म्हणाला. “अख्खी पाटीच फुटेल. तू केलंस तर तीन ओळी तरी वाचतील.”

“सभेत तू काही बोलला नाहीस?”

“मी नोकर माणूस, ताई.” त्याने मान वर केली नाही.

ती भर दुपारी आली. बराच वेळ दुसऱ्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. “बाबांचा ‘प्र’ कसा आलाय बघा,” ती जणू स्वतःशीच म्हणाली. मग तिने छिन्नी लावली. आधी जिन्यावर जमलेल्या माणसांचे हसणे-खिदळणे चालले होते, ते थांबले. शेवटचे अक्षर गेले तेव्हा तिने खाली पडलेला चुरा रुमालात गोळा केला आणि माझ्याकडे न बघता ती निघून गेली.

दोन महिन्यांनी पाथरवटाच्या धर्माच्या प्रार्थनाघराला कुलूप लागले. माणसे अर्ज घेऊन आली. हेडक्लार्कने विचारले, “कशाच्या आधारावर?” त्यांनी माझ्याकडे बघितले. दुसऱ्या ओळीच्या जागी नुसता खडबडीत दगड होता. वर्षभरात त्या धर्माची मोजकी घरेही रिकामी झाली. पाथरवटाची मुलगी कुठे गेली, ते कचेरीत कोणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर तिला नुसती पुसू नका. वाचा, आणि मोठ्याने वाचा. दगडावर कोरलेले कायमचे, या भरवशावर राहू नका. माझी ओळ जायला अडीच तास पुरले. ते अडीच तास जिन्यावर तीस-पस्तीस माणसे उभी होती. त्यांतले कोणीही वाईट नव्हते. मी त्या सर्वांना त्यांच्या लहानपणापासून ओळखते.