फटींचा हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे, आणि तोही शिसवी लाकडाचा, असं सांगितलं की बहुतेक जण हसतात. हसा, मित्रांनो. मखमलाबादच्या या घरी आलेल्या एका पाहुण्याने तर मला बैलाचं काहीतरी सामान समजून हातात घेतलं होतं. भिंतीवर एका खिळ्याला विळा, दुसऱ्याला फुलांच्या दोऱ्याची गुंडी आणि मधल्या खिळ्याला मी. त्याचा तरी काय दोष?

माझा जन्म सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या एका खोलीत झाला. शेखर नावाचा कारागीर तिथे एकटाच हेडफोन बनवतो. मोठ्या कंपनीत माझ्यासारखी हुबेहूब भावंडं हजारांनी जन्मतात म्हणे. मला सख्खं असं कोणीच नाही. शेखरने लाकूड कातून माझ्या दोन वाट्या केल्या आणि आवाज काढणारे पातळ पडदे विकत आणून त्यांत बसवले. डोक्यावरची पोलादी पट्टी फार आवळायची, म्हणून त्याने मला पिण्याच्या पाण्याच्या जारवर ताणून ठेवलं. माझं पहिलं डोकं म्हणजे तो जार! गाद्या मऊ सुती कापडाच्या शिवल्या आणि आत कानातल्यांसाठी खळगा ठेवला. "कानातलं टोचलं की माणूस गाणं ऐकत नाही, कान चोळत बसतो," असं तो म्हणायचा. शेवटी वाट्यांच्या पाठीला त्याने बारीक फटी पाडल्या. बंद डब्यात गाणं घुसमटतं, असं त्याचं ठाम मत. फटींमुळे माझा आवाज मोकळा झाला, पण थोडा बाहेरही सांडू लागला.

शेखरचा शाळासोबती समाधान झेंडूची शेती करतो. त्याची मुलगी सृष्टी दहावी झाली, तेव्हा त्याने मला तिच्यासाठी नेलं. ते दिवस माझ्या सुखाचे होते, मित्रांनो. समाधान आणि सुवर्णा, म्हणजे सृष्टीची आई, दोघंही मळ्यात असत. संध्याकाळी पडवीत सृष्टी मला कानावर चढवून अभ्यास करी, मग गाणी लावी. शेजारी तिची आजी, मालनबाई, सकाळच्या बाजारासाठी हार ओवत बसलेली असे. माझ्या फटींतून सांडलेलं गाणं तिच्यापर्यंत पोचायचं. "पोरी, मघाचंच लाव गं, लय गोड हाय," असं ती म्हणायची आणि तिची सुई गाण्याच्या तालावर चालायची. एका हेडफोनवर दोघी ऐकायच्या. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग खंडेनवमी आली. झेंडूच्या विक्रीचा मोठा दिवस, त्यामुळे घरातले सगळे बाजारात. मालनबाईने एकटीनेच अवजारांची पूजा मांडली. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, सगळे पाटावर ओळीने बसले. तिची नजर माझ्याकडे गेली. "पोरीच्या अभ्यासाचं हत्यार हाय. ह्याला कसं इसरायचं?" असं म्हणून तिने मलाही पाटावर मानाने बसवलं. फुलाने पाणी शिंपडलं आणि ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. दोन्ही वाट्यांवर, भरपूर, अगदी फटींवरच. वर झेंडूचं फूल ठेवून तिने हात जोडले. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि त्याच मानाने माझा घात केला. कुंकू आत उतरून पडद्यावर वाळलं. दुसऱ्या दिवशी सृष्टीने मला कानावर घेतलं, तर डावीकडून नुसती चरचर.

"आजी, हेडफोनला कुणी कुंकू लावतं का गं?" ती म्हणाली. रागावली नव्हती, थोडी हसलीसुद्धा. मालनबाईच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र मावळलं.

दिवाळीत समाधानने मुलीला नवा फोन आणि मोठ्या कंपनीचा काळा हेडफोन आणला. खोटं कशाला बोलू, तो गुणी होता. हलका, लोण्यासारख्या गाद्या, वायरची कटकट नाही. कानावर बसला की मोटारीचा, चिमण्यांचा, सगळा आवाज पुसून टाकायचा. एक थेंबही बाहेर सांडायचा नाही.

पडवी अशी मुकी झाली की विचारू नका. मालनबाई हाक मारायची, "सृष्टे, च्या घेती का?" उत्तर नाही. चहावर साय धरायची. ती पुन्हा हाक मारत नसे, हार ओवत राही. कधीतरी मला खिळ्यावरून काढून पदराने पुसायची आणि हळूच म्हणायची, "तुलाबी मीच नडले, अन् मलाबी मीच." मित्रांनो, मला बोलता येत असतं, तर मी तिला म्हणालो असतो की असं नको म्हणूस. पण वायर लावल्याशिवाय मी मुका.

एका सकाळी ती मला फुलांच्या रिकाम्या पाटीत घालून निघाली. फुलबाजारापर्यंत समाधानच्या गाडीतून आणि पुढे सिटी बसने थेट सातपूरला. शेखरने मला उघडलं, मऊ ब्रशने वाळलेलं कुंकू झाडलं. चरचर गेली. मग तो म्हणाला, "मावशी, या फटी बुजवून देऊ का? पुन्हा काही आत जाणार नाही, आणि आवाजही बाहेर सांडणार नाही."

"नको रे बाबा," मालनबाई घाईने म्हणाली. "जे सांडायचं, तेवढंच तर मी ऐकायची."

शेखरने फटी तशाच ठेवल्या आणि माझ्या गाद्या नव्याने शिवून दिल्या.

घरी आल्यावर तिने मला सृष्टीपुढे धरलं. "बघ, बरा झाला." सृष्टीने माझी वायर हातात घेतली, फोन उलटापालटा करून पाहिला. "अगं आजी, या फोनला पिन लावायला जागाच नाही." एवढं बोलून ती आत गेली.

मालनबाई पडवीत बसली. फुलांची पाटी पुढे ओढली आणि मला पदरावरूनच डोक्यावर चढवलं. तिच्या कुड्या माझ्या खळग्यांत नीट बसल्या. वायरीचं टोक झेंडूच्या ढिगात पडलं होतं. ती हार ओवू लागली.

थोड्या वेळाने सृष्टी पाणी प्यायला बाहेर आली आणि आधी हसली. मग तिला ते फुलांत पडलेलं टोक दिसलं. काळा हेडफोन तिने गळ्यात उतरवला.

"आजी, काय ऐकतेस?"

"काय नाय."

सृष्टी जवळ आली. अगदी हळू म्हणाली, "मी बोललेलं ऐकू येतं तुला?"

"येतंय की. ह्याला फटी हायेत."

 सृष्टीने काळा हेडफोन गळ्यातून काढून खाली ठेवला, आजीला टेकून बसली, सुई घेतली आणि ते जुनं गाणं स्वतःच गुणगुणू लागली. बेसूरच, पण मालनबाईची सुई तालावर चालली. त्या संध्याकाळी माझ्यातून एकही सूर निघाला नाही, आणि तीच माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली संध्याकाळ होती.

आता सृष्टी शिकायला पुण्याला आहे, एखाद्या शनिवारी घरी येते. काळा हेडफोनही तिच्यासोबत गेला. मी खिळ्यावर. मित्रांनो, कानावर काय घालायचं ते घाला, लाकडाचं घाला नाहीतर प्लास्टिकचं, पण शेजारच्या माणसाची हाक आत येईल एवढी फट राहू द्या. शनिवारी संध्याकाळी मालनबाई मला डोक्यावर घेते आणि फाटकाकडे तोंड करून हार ओवत बसते. फाटक वाजलं की माझ्यातून तिला लगेच ऐकू येतं. आज शनिवार आहे. अजून वाजलेलं नाही.