गुरुवारची मोटर

तानाबाईंनी जळक्या तांब्याच्या तारांचं भेंडोळं साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवलं. करपल्याचा वास खोलीभर पसरला. वीज कार्यालयातल्या त्या तरुण साहेबांनी आधी कप उचलून बाजूला घेतला.

"गिरणीची मोटर तिसऱ्यांदा जळाली," तानाबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांत. तिन्ही येळा गुरवारी, भर दुपारी."

"गुरुवारचा काय संबंध, मावशी? विजेला वार कळतो का?"

"त्येच इचारायला आले."

साहेबांनी अर्जावरून नजर फिरवली आणि खाली शेरा मारला : ग्राहकाच्या वायरिंगमध्ये दोष.

"गिरणी बघितली न्हाई, नि दोष घावला?"

"तपासायला माणूस पाठवतो. तोवर गुरुवारी गिरणी बंद ठेवा. सोपं आहे."

म्हणे सोपं आहे. चाकणच्या या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. एके काळी वीज पुरत नव्हती म्हणून सुट्टीचे वार वाटून दिले होते आणि इथल्या वाट्याला गुरुवार आला, तो कायमचा. आठवडाभर शिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्या दिवशी दळणाचे डबे घेऊन रांग लावतात. गुरुवार बंद ठेवायचा तर बाकीचे सहा दिवस गिरणी उघडायची तरी कशाला? पण हे खुर्चीत बसून कळत नाही.

गावात तर याहून वाईट चाललं होतं. शेजारच्या शालनबाई रांगेत सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "दत्ताच्या वारी जातं फिरवतीस, तानाबाई. त्याला खपत न्हाई." त्यावर मागून कुणीतरी बोललं, आकडा टाकला असेल, चोरीची वीज अशीच जळते. नवरा गेल्यावर बावीस वर्षं या बाईनं एकटीनं गिरणी चालवली. कुणाच्या डब्यात मूठभर पीठ कमी भरलं नाही. अशा बाईला त्यांनी एकाच दुपारी पापीही ठरवलं आणि चोरही. त्या दिवशी तानाबाईंनी रांगेतलं सगळं दळण उरकलं. घरी येऊन मात्र त्यांनी पाण्याची कळशी अशी आदळली की तिला पोचा आला.

मोटर दर वेळी त्यांचा मुलगा जयसिंग उतरवायचा आणि भोसरीहून तांब्याच्या नव्या तारा भरून आणायचा. गावाच्या कडेला पत्र्याचे सुटे भाग बनवणारं एक छोटं प्रेस शॉप होतं, तिथं तो इलेक्ट्रिशियन होता. मशीनं बंद असतात म्हणून मेंटेनन्सवाल्यांना नेमकं सुट्टीच्या दिवशी काम, त्यामुळं गुरुवारी तो गिरणीत कधीच नसायचा. या खेपेला मोटर बसवल्यावर आई म्हणाली, "ह्या गुरवारी रजा काढ. तुझ्या डोळ्यानं बघ."

जयसिंग मीटर घेऊन बसला. सकाळी दोनशे पस्तीस व्होल्ट होते, म्हणजे ठीक. अकराला दोनशे पन्नास झाले. साडेबाराला आकडा दोनशे अडुसष्टवर गेला, तसा तो ताडकन उठला आणि त्यानं गिरणी बंद केली.

"काय दावतंय?"

"जास्त येतंय, आई. लई जास्त."

"कुठनं?"

तो दारात गेला. समोर प्रेस शॉपची शेड होती आणि तिच्या छतभर सोलरचे पॅनेल चकाकत होते. शेड आणि गिरणी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. आज शेडमध्ये एकही मशीन चालू नव्हतं. छतावर तयार होणारी सगळी वीज तारेवरून गावाकडं येत होती आणि गावात तेवढी खाणारं कुणी नव्हतं.

सूर्याचा यात काही दोष नव्हता, पॅनेलचाही नव्हता. तारेवर व्होल्टेज वाढलं की पॅनेलची वीज तारेवर सोडणाऱ्या इन्व्हर्टरनं आपण होऊन बंद पडायचं, अशी त्यात सोय असते. दर गुरुवारी तो दुपारी मुकाट बंद पडायचा. मालक म्हणाला, युनिट वाया जातात, काहीतरी कर. तीन महिन्यांपूर्वी जयसिंगनं बसल्या जागी मोबाइलवरून व्होल्टेजची मर्यादा वाढवली. इन्व्हर्टर पुन्हा बंद पडला नाही. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर 'शून्य ट्रिपिंग' असा कागद लागला, त्याखाली जयसिंगचं नाव. त्यानं त्या कागदाचा फोटो आईलाही दाखवला होता.

"त्या शेडवरनं येतंय. तिथलं सेटिंग बदललंय," तो एवढंच म्हणाला.

"ज्यानं क्येलं त्येला ह्या रांगेत उभा करीन," तानाबाई म्हणाल्या.

जयसिंग मीटरच्या वायरी गुंडाळत राहिला. नीट गुंडाळलेल्या त्यानं सोडल्या आणि परत गुंडाळल्या.

संध्याकाळी त्यानं मर्यादा पूर्ववत केली. तानाबाई गहू निवडत होत्या. तो समोर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. त्यांची बोटं सुपात थांबली.

"मोटर तू भरून आणायचास," त्या म्हणाल्या. "नि जाळायचासबी तूच."

"मला कुठं ठाऊक होतं, आई?"

"ठावं नव्हतं, तर हात कशाला लावलास?"

त्यानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"चुकलो."

"मला काय सांगतुयास? माझी चूक न्हवती ह्ये मला पयल्यापासनं ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई, त्यांना सांग."

पुढच्या गुरुवारी जयसिंगनं पुन्हा रजा काढली. गिरणी साडेबारालाही चालू होती. रांग दारापर्यंत आली होती, पुढं शालनबाईंचा डबा. प्रेस शॉपचा इन्व्हर्टर बंद पडला असणार, कारण जयसिंगच्या खिशात मालकाचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. तो त्यानं घेतला नाही. रांगेसमोर उभा राहून त्यानं घसा खाकरला.

"मोटर जळत होती ती..."

पट्ट्याच्या आवाजात पुढचं काही पोचलं नाही.

"काय म्हंतोस? ऐकू येईना," शालनबाई ओरडल्या.

"काही नाही. दळण होऊ द्या, मग सांगतो." तो अर्धं पाऊल मागं सरला. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं.

तानाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला, भिंतीकडं जाऊन मोटर बंद केली. पट्टा फडफडत मंदावला. उरलंसुरलं पीठ पिशवीत पडलं आणि गिरणीत अगदी शांत झालं.

"आता बोल," त्या म्हणाल्या.