निरोप्या

“डोळे मिटा, आणि श्वासाकडे लक्ष द्या,” बाई म्हणाल्या. हॉलमधल्या तीसेक पोलिसांनी डोळे मिटले. दोघं तर लगेच घोरायलाही लागले. एका हवालदाराचे डोळे मात्र टक्क उघडे.

बाई जवळ आल्या. “काय झालं?”

“मला नाही जमायचं हे. डोळे मिटले की दारं दिसतात.”

“दारं?”

“लोकांच्या घरांची.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. त्याच्या ठाण्यातलं मात्र कुणी हसलं नाही. ठाण्यात त्याला ‘निरोप्या’ म्हणत. अपघातात कुणी गेलं की घरी कळवायला त्यालाच धाडायचे. अकरा वर्षांपूर्वी साहेब एकदा म्हणाले, “तू जरा समजुतीनं सांगतोस,” आणि ते काम त्याच्या गळ्यात पडलं ते कायमचं. बेल वाजवायची, एका दमात सांगायचं, कागदावर सही घ्यायची आणि मागे रडं सुरू व्हायच्या आत जिना उतरायचा, ही त्याची पद्धत. पण घरी स्वतःच्याच दाराची बेल वाजली की तो दचके, आणि दचकला की ओरडे. गेल्या महिन्यात तो लेकीच्या मैत्रिणीवर असा खेकसला, की ती पोरगी पुन्हा फिरकली नाही आणि लेकीने अबोला धरला. शेवटी बायकोनेच, त्याला न विचारता, साहेबांना फोन केला. म्हणून तो या ध्यानाच्या प्रशिक्षणाला आला होता.

बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. “मग उघडेच ठेवा,” त्या म्हणाल्या. “पाय जमिनीला टेकलेत का, तेवढं बघा. आधी टाच, मग बोटं. दार दिसलं तर दिसू दे. फक्त पळू नका.”

तो दर बुधवारी जात राहिला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. जीपचा ड्रायव्हर, त्याचा जुना दोस्त, खेचायचा, “काय महाराज, कुठवर आली समाधी?”

“टाचेपर्यंत,” हवालदार म्हणायचा.

दीड महिन्याने एका संध्याकाळी घरची बेल वाजली. तो उठला, क्षणभर जागीच उभा राहिला, आणि त्याने दार उघडलं. दारात तीच मैत्रीण, अंग चोरून उभी.

“ये बाळा. आत आहे ती,” तो म्हणाला.

त्या दिवशी जेवताना लेक म्हणाली, “बाबा, मीठ द्या ना.” एवढंच. त्याने मीठ वाढलं, आणि तिने न मागता भाजीही वाढली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, इमारत रंगवणारा एक माणूस परांचीवरून पडून दगावला. त्याच्या घरी कळवायला हवालदार तिसरा मजला चढला. दारासमोर थांबला. टाच, बोटं. छातीत धडधडत होतं, ते त्याने धडधडू दिलं. मग बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईचे हात ओले होते.

“ताई, आपण आत बसू या,” तो म्हणाला, आणि ती बसल्यावर त्याने सगळं सावकाश सांगितलं.

ती रडली नाही. तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, “जेवले होते का ते?”

अकरा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. विचारला असेल, तेव्हा तो जिन्यात असेल.

“माहीत नाही, ताई. विचारतो.” त्याने तिथूनच मुकादमाला फोन लावला. मुकादम बघून आला. “डबा रिकामा आहे,” हवालदार तिला म्हणाला. “जेवणाच्या सुट्टीनंतर पडले.”

तेव्हा तिला रडू फुटलं. त्याचे पाय दाराकडे ओढ घेत होते. ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो बसून राहिला. तिच्या बहिणीला यायला तास लागणार होता. बराच वेळ झाला म्हणून ड्रायव्हर वर आला, दारातून आत डोकावला आणि आवाज न करता खाली जाऊन जीपचं इंजिन बंद करून बसला.

बहीण आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हवालदार उठून गॅलरीत गेला. तिथे दोरीवर रंगाचे डाग पडलेला एक सदरा एकाच चिमट्यावर लोंबत होता. बाकीचे कपडे पिळून बादलीत तसेच पडले होते. त्याने टोपी काढून खिडकीत ठेवली, सदऱ्याला दुसरा चिमटा लावला, आणि बादलीतला एकेक कपडा झटकून वाळत घालू लागला.