‘झालं’ची टोपली

“तो विचारत नाही ना? मग आपण होऊन कशाला सांगायचं?” धाकटा भाऊ म्हणाला आणि त्याने मोठ्या बाईंकडे पाहिलं.

मोठ्या बाई संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांनी मान हलवली. ही मान अशी हले, की समोरच्याला ती होकाराची वाटे आणि पुढेमागे काही अंगाशी आलं तर ती नकाराची होती असंही म्हणता येई.

“त्याला बोलता येत नाही, म्हणून विचारत नाही,” दाराशी उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी,” भाऊ म्हणाला.

त्याची आई त्याच आठवड्यात गेली होती. हॉस्पिटलात, झोपेत, कुणालाही त्रास न देता. हे शेवटचं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे डोळे सुजलेले होते आणि शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं, त्यामुळे तो निष्ठुर आहे असंही म्हणता येत नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की उरकायच्या गोष्टींत आणखी एकीची भर पडू नये.

ती गोष्ट त्या वेळी बाहेर दाराजवळ फेऱ्या घालत होती. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला थोरला भाऊ. संस्थेत त्याच्यासारखे बरेच होते, शरीराने प्रौढ आणि समजेने लहानपणीच थांबलेले. हा दिवसभर पाठीमागे हात बांधून फिरायचा, येणाऱ्याजाणाऱ्याकडे नापसंतीने पाहायचा आणि काम काही करायचा नाही. म्हणून सगळे त्याला मॅनेजर म्हणत. मोठ्या बाईंना हे नाव फारसं आवडत नसे.

मॅनेजरची अंघोळ, दाढी, जेवण ताईंकडे होतं. शब्द त्याच्या डोक्यात टिकत नसत, वस्तू टिकत. टॉवेल दाखवला की अंघोळ, बूट हातात दिले की फेरफटका, चमचा दिला की जेवण. काम संपलं की ती वस्तू कोपऱ्यातल्या वेताच्या टोपलीत टाकायची आणि ताईंनी म्हणायचं, ‘झालं.’ ही पद्धत त्याच्या अंगवळणी पाडण्यात बरीच वर्षं आणि ताईंचा एक पुढचा दात गेला होता. घरीही त्यांनी ती वापरून पाहिली होती. नवऱ्यासमोर भाजीची रिकामी पिशवी धरली, की त्याला सगळं नीट समजायचं आणि तो पेपर उलटून वाचायला लागायचा.

माणसांच्याही वस्तू ठरलेल्या होत्या. दारालगतच्या खुंट्यांपैकी एकीवर हिरव्या खिशाचा ॲप्रन असायचा. तो म्हणजे ताई. शेजारची खुंटी आईची. म्हातारीने एकाच जुन्या पडद्याच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या. एक तिच्या खांद्याला, दुसरी संस्थेत. रविवारी सकाळी ताईंनी ती पिशवी खुंटीला अडकवली, की मॅनेजर बाकावर जाऊन बसे. आई येई, पहिला घास स्वतःच्या हाताने भरवी, मग तो बाकीचं जेवण आपलं आपण जेवे. आई गेली की पिशवी टोपलीत. झालं.

शेवटच्या खेपेला जाताना म्हातारी पायरीवर दम खात थांबली होती. “मी गेल्यावर याला वाट बघायला लावू नकोस गं,” ती म्हणाली. “बाकी काही मागत नाही.”

“काहीतरीच काय बोलता, काकू,” ताई म्हणाल्या. म्हातारी हलेना, तेव्हा म्हणाल्या, “नाही लावणार.”

भाऊ आणि मोठ्या बाईंची बैठक ‘तूर्तास काही न सांगणे’ यावर संपली. ताईंना ते मान्य नव्हतं. पण त्यांचं मत कुणी घेतलेलंच नसल्यामुळे ते मोडायचा प्रश्न आला नाही.

रविवारी इतरांचे आईवडील आले. मॅनेजर रिकाम्या खुंटीखाली उभा राहिला. ताट आलं, त्याने ओठ घट्ट मिटले. ताईंनी थोडा वेळ पाहिलं. मग त्यांनी बैठकीनंतर कपाटात ठेवलेली पिशवी काढली, त्याच्यादेखत खुंटीला अडकवली आणि त्याच्यादेखतच उतरवून टोपलीत ठेवली. “आई झाली,” त्या म्हणाल्या. “झालं.”

मॅनेजरने टोपलीकडे पाहिलं. मान डोलावली. आणि बसून सगळं ताट संपवलं.

ताई मोरीत जाऊन रडल्या, पण ते सुटल्याचं रडू होतं. बातमी पसरली. समुपदेशक बाईंनी ताईंचं कौतुक केलं. मोठ्या बाईंनी हा प्रसंग वार्षिक अहवालात घ्यायचं ठरवलं, सोबत मॅनेजरचा हसरा फोटो. भाऊ फोनवर म्हणाला, की थोरल्याला एवढं काही वाटणार नाही हे तो आधीपासूनच सांगत होता. या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

पुढच्या रविवारी ताई कामावर आल्या, तर पिशवी खुंटीवर होती. मॅनेजरने ती स्वतः टोपलीतून काढून अडकवली होती. केसांना पाणी लावलं होतं, शर्ट उलटा का होईना घातला होता आणि तो बाकावर बसला होता.

ताईंना तिथेच उभ्या उभ्या कळलं. त्या टोपलीत गेलेलं आजवर काहीही संपलं नव्हतं. टॉवेल सकाळी परत बाहेर येई, चमचा संध्याकाळी. ‘झालं’ म्हणजे ‘पुन्हा आहे’, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं, रोज, न चुकता, दात देऊन. तो नीट शिकला होता. त्याच्या समजुतीत खोट नव्हती.

त्या दिवशी तो जेवला नाही. सोमवारी पिशवी उतरवू देईना. खुंटीला हात लावला की अंगावर धावून येई. मग जेवणाचे दिवस आणि न जेवण्याचे दिवस यांतला फरक राहिला नाही. पाण्याशिवाय तो काही घेईना. पॅन्ट कमरेवर थांबेना. ताईंनी भरवून पाहिलं, तर तो त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत राही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की असंच चाललं तर हॉस्पिटलात हलवून नाकातून नळी घालावी लागेल आणि हा नळी ओढून काढणार, म्हणून हात बांधावे लागतील.

फाटकाशी कचऱ्याचा मोठा डबा होता. मागे कधीतरी मॅनेजरचा आवडता कप फुटला, तेव्हा त्याचे तुकडे त्या डब्यात गेले होते. तो बरेच दिवस झाकण उघडून आत बघायचा. मग एक दिवस बघायचा थांबला आणि नव्या कपातून चहा प्यायला लागला. न परतणाऱ्या गोष्टींची त्याच्यापाशी तेवढी एकच जागा होती.

ताईंनी भावाला फोन केला.

“कचऱ्यात?” तो म्हणाला. “आईची पिशवी?”

ताईंनी त्याला फुटक्या कपाची गोष्ट सांगितली. पलीकडे कुठला तरी नळ वाहत होता.

“दुसरी माझ्याकडे आहे,” नळ बंद झाल्यावर तो म्हणाला. “ती मी ठेवतो. तुम्ही... करा, ताई.”

सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या सुमाराला ताईंनी पिशवी उतरवली. या वेळी मॅनेजर धावून आला नाही, बहुधा तेवढी ताकद नव्हती. पिशवीमागोमाग तो फाटकापर्यंत चालत आला. ताईंनी झाकण उघडलं आणि बटाट्याच्या सालींवर पिशवी ठेवली. त्यांना टाकता आली नाही, ठेवलीच. ‘झालं’ म्हणायची सोय उरली नव्हती.

“आई गेली,” त्या म्हणाल्या. “आता येणार नाही.”

गाडी आली. कचरावाला मॅनेजरला रोज सलाम ठोकायचा, तसा त्याने आजही ठोकला आणि डबा गाडीत उपडा केला.

मॅनेजरच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ताईंनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या आणि काय आहे ते दिसल्यावर बंद झाल्या. तो रस्त्यातच बसला. ताई शेजारी बसल्या. त्याने त्यांना ढकललं, त्या सरकून परत बसल्या. मोठ्या बाई फाटकापर्यंत आल्या, मान हलवली आणि आत गेल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो उठला. संध्याकाळी त्याने चार चमचे भात खाल्ला.

नंतरच्या रविवारी आईची खुंटी रिकामी होती. मॅनेजरने जाता जाता तिच्याकडे एकदा पाहिलं, थांबला नाही. ताईंनी दुसऱ्या एकाची अंघोळ उरकली आणि ॲप्रन घालायला त्या दाराशी आल्या, तर त्यांचीही खुंटी रिकामी.

ॲप्रन मॅनेजरच्या मांडीवर होता. घडी करून, हिरवा खिसा वर, त्यावर दोन्ही हात.

ताईंनी हात पुढे केला. त्याने ॲप्रन पोटाशी धरला आणि फाटकाकडे पाठ फिरवून बसला.

मग त्या तशाच कामाला लागल्या. दुपारपर्यंत त्यांच्या कुडत्यावर साबण, औषध आणि दोघांच्या ताटांतलं जेवण सांडलं होतं. मॅनेजर जेवला, एका हाताने, सावकाश. दुसरा हात त्याने उचलला नाही. मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन फिरत होत्या, त्या ताईंना पाहून थांबल्या आणि ॲप्रन कुठे आहे म्हणून विचारलं.

“धुवायला टाकलाय,” ताई म्हणाल्या.